चांदमारीतला चांद

नेमबाजीच्या सरावाला आपल्याकडे ‘चांदमारी’ असा जुना शब्द आहे. फलकावरचा गोल ठिपका म्हणजे चांद आणि त्याच्यावर गोळी मारणे म्हणजे चांदमारी. हा शब्द इतका रुळला, की सरावाच्या जागांनाही तेच नाव पडले. गुवाहाटी शहरात तर चांदमारी नावाची चांगली गजबजलेली वस्ती आहे. ज्यांनी एन.सी.सी.मध्ये .२२ रायफल हाताळली असेल, त्यांना मातीचा उंच बंधारा, त्याच्यापुढे उभे केलेले फलक आणि बाजूला फडफडणारे लाल निशाण आठवत असेल.

या लेखात आपण दोन साधे प्रश्न घेणार आहोत. नेमबाजाला हा चांद कितपत दिसतो? आणि चांदाला न लागलेली गोळी जाते कुठे? पहिला प्रश्न प्रकाशशास्त्राचा, दुसरा बंदोबस्ताचा. वरवर पाहता दोहोंचा संबंध नाही. पण लक्ष्य नीट दिसावे म्हणून जी व्यवस्था करावी लागते, तीच नेमबाजाला बाकीच्या जगाबाबत जवळजवळ आंधळे करून टाकते. त्यामुळे त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी, किंवा दुसऱ्या कशाने तरी, पाहावे लागते.

आधी चांदाचे माप काढू. आकाशातल्या चंद्राचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणजे साधारण ३१ कला भरतो. (अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला. शुद्ध-वद्य पक्षांतल्या चंद्रकलांशी याचा संबंध नाही, हे वर्गात आधीच सांगून टाकलेले बरे.) आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचा काळा गोल ११२.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. व्यासाला अंतराने भागले की कोन रेडियनमध्ये मिळतो. त्याला ३४३८ ने गुणले की कला मिळतात. उत्तर येते ७.७ कला. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. त्याचे उत्तर १०.५ कला. ३०० मीटरवरचा काळा गोल ६० सेंटिमीटरचा असतो. त्याचे उत्तर ६.९ कला. अंतर तीसपट वाढले तरी डोळ्याला दिसणारा आकार फारसा बदलत नाही. चांदमारीतला चांद खऱ्या चंद्राच्या पाव ते एकतृतीयांश एवढा असतो. हे गणित आठवीच्या पुढच्या कोणत्याही वर्गाला करता येईल.

आता त्या काळ्या गोलाच्या आत जाऊ. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. बॉलपेनचे टोक कागदावर टेकवले तर उमटेल तेवढा. १० मीटरवरून तो डोळ्याशी फक्त १० विकलांचा कोन करतो. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे ओळखण्यासाठी त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे ६० विकला अंतर लागते. हा ठिपका त्याच्या सहाव्या हिश्श्याइतका आहे. एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील, की तारा तर याहूनही कितीतरी लहान दिसायला हवा, मग तो कसा दिसतो? तारा स्वयंप्रकाशी आहे आणि काळ्या आकाशात आहे. कागदावरच्या पांढऱ्या ठिपक्याजवळ प्रकाश मर्यादित. डोळ्यातल्या प्रतिमेत तो सुमारे छत्तीसपट क्षेत्रावर पसरतो आणि इतका फिका होतो, की भोवतालच्या काळ्या शाईतून (तीही अगदी काळी नसतेच) उठून दिसत नाही. रायफलवर दुर्बीण लावायलाही या स्पर्धांत परवानगी नाही. म्हणजे जगज्जेता नेमबाजसुद्धा दहाचा ठिपका पाहून त्यावर नेम धरत नाही. तो त्याला दिसतच नाही.

मग तो त्याला लागतो कसा? याचे उत्तर आपल्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरमध्ये आहे. व्हर्निअरवरची कोणती रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळली हे आपण सहज ओळखतो. त्या दोन रेघांमधला फरक रेघेच्या जाडीहूनही कमी असतो, तरी तो ओळखतो. दोन बिंदू वेगळे पाहण्यात डोळा एका कलेला अडतो. पण दोन गोष्टी एका रेषेत आहेत की नाहीत, मधोमध आहेत की नाहीत, हे ठरवताना तोच डोळा पाच ते दहा विकलांचा फरकही पकडतो. रायफलची साइट या देणगीचा उपयोग करून घेते. नेमबाज मागच्या चकतीतल्या बारीक भोकातून पाहतो. त्याला नळीच्या टोकाशी असलेल्या माशीची गोल कडी दिसते आणि त्या कडीत काळा चांद दिसतो. कडी आणि चांद यांच्यामध्ये पांढऱ्या प्रकाशाचे एक कडे उरते. ते सर्व बाजूंनी सारख्याच जाडीचे दिसले, की नेम बरोबर.

ही जुळणी किती काटेकोर असावी लागते ते पाहा. ५० मीटरवर दहा गुण मिळवायचे तर गोळीचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. मागची चकती आणि पुढची माशी यांच्यात ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी ०.१३ मिलिमीटर सरकली तरी गोळी दहाच्या बाहेर. म्हणजे जेमतेम एका जाड कागदाइतकी! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजी शातोरू येथे झाली. तिथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्यांचे ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण झाले, म्हणजे सरासरी १०.२६. दशांश गुणांच्या पद्धतीत ८ मिलिमीटरपासून आत येताना दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि अगदी मधल्या गोळीला १०.९ मिळतात. या हिशेबाने त्यांची सरासरी गोळी केंद्रापासून साडेपाच मिलिमीटरच्या आसपास पडली. तीही एकाच स्थितीत नव्हे, तर गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून.

भोकाची जादू

इथे एक अडचण आहे, आणि तिचा उलगडा आम्हांला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. माशी डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर, लक्ष्य ५० मीटरवर. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकते. नेमबाजाने माशीवर दृष्टी स्थिर केली तर लक्ष्य पुसट होणार. किती पुसट? डोळ्याच्या बाहुलीचा व्यास ४ मिलिमीटर धरा. बाहुलीच्या कडांपासून निघून एक मीटरवर एकत्र येणाऱ्या दोन रेषा काढा आणि त्या पुढे वाढवा. समरूप त्रिकोणांवरून ५० मीटरवर त्या रेषांमधले अंतर ४ × ४९ = १९६ मिलिमीटर होते. लक्ष्यावरचा प्रत्येक बिंदू जवळजवळ २० सेंटिमीटरचा धब्बा होऊन दिसणार, आणि चांद तर फक्त ११ सेंटिमीटरचा! तो विरघळूनच जाईल. आता बाहुलीपुढे एक मिलिमीटरचे भोक धरा. धब्बा ४९ मिलिमीटरचा होतो. चांदाची कड मऊ दिसते, पण चांद चांदच राहतो, आणि मऊ कडेच्या गोलाचाही मध्य डोळ्याला उत्तम ओळखता येतो.

मग भोक आणखी लहान का करू नये? अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाने भूमितीतला धब्बा २५ मिलिमीटरवर येईल हे खरे. परंतु आता प्रकाशाचे तरंगरूप आडवे येते. बारीक भोकातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, आणि भोक जितके बारीक तितका तो अधिक पसरतो. एक मिलिमीटरच्या भोकामुळे ५० मीटरवर सुमारे ३३ मिलिमीटरचा, तर अर्ध्या मिलिमीटरच्या भोकामुळे सुमारे ६७ मिलिमीटरचा धूसरपणा येतो. शिवाय अर्ध्या व्यासाच्या भोकातून प्रकाशही पावच येतो. एकीकडे भूमिती, दुसरीकडे विवर्तन. या ओढाताणीत सोयीची जागा एक मिलिमीटरच्या जवळपास सापडते. नेमबाजांनी अनुभवाने निवडलेली भोकेही साधारण याच मापाची असतात.

चष्मा लागलेल्या मुलांकडून याचा प्रयोग वर्गात करून घेता येईल. जुन्या पोस्टकार्डाला मध्यम जाडीच्या टाचणीने स्वच्छ भोक पाडावे, चष्मा काढून ठेवावा आणि भोक डोळ्याशी धरून फळ्याकडे पाहावे. पुसट अक्षरे एकदम वाचता येतात. मात्र खोली उजेडाची हवी. पुष्कळ नेमबाज दुसरा डोळा मिटण्याऐवजी त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पांढरी पट्टी लावतात. तिचे कारणही वर्गात दाखवता येते. एका मुलाचा एक डोळा हाताने झाकायला सांगून दुसऱ्या, उघड्या डोळ्याची बाहुली जवळून पाहा. ती थोडी मोठी होते. दोन्ही बाहुल्या एकमेकींच्या संगतीने हलतात, म्हणून न वापरायच्या डोळ्यालाही उजेड मिळत राहिलेला बरा.

उजेडाबाबत नियमही काटेकोर आहेत. बंदिस्त रेंजवर लक्ष्यांवर किमान १५०० लक्स प्रकाश लागतो; वर्गातल्या बाकावर ३०० लक्स मिळाले तरी आपण समाधानी असतो. उघड्या रेंजची आखणी अशी करतात, की दिवसाचा जास्तीत जास्त वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहावा. म्हणून उत्तर गोलार्धात रेंजचे तोंड उत्तरेकडे असते. आपल्याकडे यात एक गंमत आहे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच जातो! अर्थात तो इतका उंच असतो, की डोळ्यांवर तिरीप येत नाही. खरा त्रास तापलेल्या जमिनीचा. जमिनीलगतच्या कमी-अधिक तापलेल्या हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतात आणि चांद पाण्यात पडल्यासारखा हलू लागतो. ३०० मीटरवर हा परिणाम चांगलाच जाणवतो. उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांच्या ११ सेंटिमीटरच्या तबकडीचा रंग मागे आकाश आहे की झाडी, हे पाहून निवडावा लागतो.

दिसण्याची किंमत

आता नाण्याची दुसरी बाजू. माशी ज्या छोट्या नळकांड्यात बसवलेली असते, त्याचा व्यास साधारण १८ मिलिमीटर. एक मीटरवरच्या या खिडकीतून ५० मीटरवर जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो. म्हणजे स्वतःचे लक्ष्य दिसते, शेजारचे दिसत नाही. त्याहून महत्त्वाचे, हे लक्ष्य स्वतःचे की शेजाऱ्याचे, हेही दिसत नाही, कारण सगळे चांद सारखेच. दोन लक्ष्यांत दीड मीटर अंतर धरले, तर एकावरून दुसऱ्यावर जायला रायफल पावणेदोन अंश वळणे पुरते.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. सुवर्णपदकासाठी त्याला साधारण गोळीही पुरली असती. तो दोन क्रमांकाच्या जागी उभा होता. त्याने गोळी झाडली, पण त्याच्या पडद्यावर काहीच उमटले नाही. गोळी तीन क्रमांकाच्या लक्ष्यावर लागली होती. त्या गोळीचे गुण शून्य. एमन्स आठव्या स्थानावर गेला आणि सुवर्ण चीनच्या जिआ झानबो याला मिळाले. एरवी तो आधी लक्ष्यावरचा क्रमांक पाहून मग खाली चांदावर येत असे. त्या वेळी मन शांत करण्याच्या नादात क्रमांक पाहायचा राहून गेला, असे त्याने नंतर सांगितले. लक्ष्यांवरचे क्रमांक मोठे आणि आलटून पालटून वेगळ्या रंगांत रंगवण्याची पद्धत याचसाठी आहे. पण क्रमांक कितीही ठळक असला, तरी तो चांदाच्या खिडकीबाहेर असतो. तो पाहायचा तर नजर मुद्दाम तिकडे न्यावी लागते.

एमन्सचे पदक गेले, एवढ्यावर ते निभावले. गोळी बंधाऱ्यातच थांबली. बंधारा चुकवणाऱ्या गोळीचे गणित मात्र गंभीर आहे. स्पर्धेतली .२२ ची गोळी अवघी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. पुस्तकातले सूत्र वापरून कमाल पल्ला काढला, म्हणजे वेगाच्या वर्गाला ९.८ ने भागले, तर उत्तर पावणेअकरा किलोमीटर येते. प्रत्यक्षात हवेचा रोध या पल्ल्याचा बहुतेक भाग गिळून टाकतो आणि गोळी सुमारे दीड किलोमीटरवर पडते. (हवेचा रोध नगण्य मानू, असे आपण गणितात किती सहजपणे लिहितो!) तरीही दीड किलोमीटर म्हणजे गावाचे एक टोक ते दुसरे टोक.

ती बंधाऱ्यावरून जायला किती चूक लागते? ५० मीटरवर चार मीटर उंच बंधारा आहे आणि उभ्या नेमबाजाच्या रायफलीचे तोंड दीड मीटर उंचीवर आहे असे धरू. अडीच मीटरला पन्नासने भागले, की सुमारे तीन अंश. हात पुढे ताणून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण दोन अंश असते. म्हणजे ही चूक दीड अंगठ्याची. खांद्यापासून तोंडापर्यंत रायफल १.२ मीटर लांब असेल, तर तिचे तोंड फक्त सहा सेंटिमीटर वर उचलले जाणे पुरेसे आहे. ठेच, शिंक, अवेळी चापाला लागलेले बोट. यांपैकी कशानेही सहा सेंटिमीटर होतात.

म्हणून अनेक रेंजवर नेमबाज आणि लक्ष्य यांच्या दरम्यान वरच्या बाजूला आडव्या भिंती टांगलेल्या असतात. त्यांची तपासणी करण्याची रीत फार साधी आहे. गोळी झाडायच्या प्रत्येक जागी उभे राहून, बसून, पालथे पडून पुढे पाहायचे. बंधाऱ्याच्या वर, दोन आडव्या भिंतींच्या फटीतून कुठेही आकाश दिसले, तर तिथून गोळीही जाऊ शकते. ५० मीटरच्या प्रवासात गोळी दहा-बारा सेंटिमीटरच खाली येते. त्यामुळे प्रकाशाचा सरळ मार्ग आणि गोळीचा मार्ग यांत या कामापुरता फरक नाही. लक्ष्य दिसणे चांगले, आकाश दिसणे वाईट. पण याच भिंतींच्या सावल्या लक्ष्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतात आणि चांद नीट दिसेनासा होतो. रेंज बांधणाऱ्यांना या दोहोंचा मेळ घालावा लागतो, आणि मेळ बसत नसेल तर भिंत काढायची नसते, दिवा वाढवायचा असतो, हे आमचे मत आहे.

दुसरा उपाय मोकळ्या जमिनीचा. तो कायम टिकत नाही. इंग्लंडमध्ये १८६० साली विंबल्डनच्या माळावर राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. राणी व्हिक्टोरियाने टेकूवर पक्की बसवलेल्या रायफलीतून ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर पहिली गोळी झाडली. पुढे लंडन वाढत वाढत माळाला भिडले, लोकांना धोका वाटू लागला, आणि १८९० पासून स्पर्धा बिस्लीला हलवावी लागली. रेंज जागची हलली नव्हती. घरे तिच्याकडे आली होती. आपल्याकडच्या जुन्या चांदमारींच्या भोवतीही वस्ती वाढते तेव्हा प्रश्न हाच असतो.

पूर्वी लक्ष्याखालच्या खंदकात माणसे बसत, लक्ष्य खाली ओढून भोक पाहत आणि खुणेच्या काठीने गुण कळवत. आता मोठ्या स्पर्धांत हे काम इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये करतात. अनेक बनावटींत लक्ष्याभोवती सूक्ष्मग्राही मायक्रोफोन असतात. गोळीचा आवाज प्रत्येकाशी किती वेळाच्या फरकाने पोचला, यावरून तिची जागा काढली जाते. अचूकता वाढली हे खरेच. पण गोळीच्या वाटेच्या टोकाशी माणूस बसवावा लागत नाही, हा लाभ आम्हांला मोठा वाटतो.

तरी शाळा-कॉलेजांच्या, जिल्ह्याच्या रेंजवर आजही कागदी लक्ष्ये बदलायला माणूस पुढे जातोच. अशा वेळी अडचण ही, की भरलेली रायफल आणि रिकामी रायफल बाहेरून अगदी सारख्या दिसतात. यावरचा उपाय दोन-चार रुपयांचा आहे. नळीच्या मागच्या तोंडात, जिथे गोळी बसते तिथे, भडक नारिंगी रंगाची दोरी किंवा पट्टी घालून तिचे टोक बाहेर ठेवायचे. एअर रायफलमध्ये ही दोरी नळीच्या दोन्ही टोकांतून बाहेर आलेली असावी लागते. दोरी आहे तोवर गोळी आत बसूच शकत नाही. आणि रिकामेपणा, जो एरवी दिसत नाही, तो वीस पावलांवरच्या पंचालाही दिसतो. माणूस पुढे गेलेला असताना या दोरीसकट ठेवलेल्या रायफलीलाही कोणी हात लावायचा नसतो. सगळे परत रेषेमागे आले, पंचांनी मोजून घेतले आणि ‘लोड’ची आज्ञा झाली, की मगच दोरी निघते.